तीन वजनांची क्षमावणी

पौर्णिमेच्या सकाळी कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुणाचाच आवाज धड नव्हता. अनंत चतुर्दशीला दुपारी निघालेले गणपती आज उन्हं वर आली तरी पाण्याकडे चालले होते, आणि गल्लीत जो भेटेल त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. गुलालानं रस्ता असा माखला होता की दुधाच्या म्हशीसुद्धा नवरीच्या करवल्या वाटाव्यात. अशा सकाळी बापूसोंच्या घरात मात्र एक आवाज खणखणीत होता, आणि तो दहा दिवस अन्नाचा कण पोटात न गेलेल्या बाईचा होता.

“मुगाचं कढण झाकून ठेव दीपा,” अक्काताई आतून म्हणाल्या. “निवलं तर निवू दे. मी काय ते आत्ता घेणार न्हाय.”

खाली गुळाची अडत आणि वर घर, असं ते ठिकाण. मधल्या जिन्याच्या पायरीवर बापूसो बसले होते. वर गेलं तर बहिणीचं तोंड बघायला लागणार आणि खाली गेलं तर गिऱ्हाइकाचं. दशलक्षण पर्वाचे दहा उपवास करून उठलेल्या माणसाचं पारणं म्हणजे घरातला सण. दारात रांगोळी, बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, चार पंच, पारण्याचा पहिला घोट कुणी द्यायचा यावरून नातेवाइकांची रुसवाफुगवी. यंदा पंच येऊन, बसून, घड्याळ बघून निघून गेले होते.

“अक्का,” बापूसो जिन्यातूनच म्हणाले, “तुझं वय बघ की.”

“वय बघूनच नियम घेतलाय. पुढं घ्यायला कधी सापडंल?”

नियम असा होता: आपल्या भाच्यानं ज्याला ज्याला मारलंय त्यानं तोंडानं क्षमा केल्याशिवाय पारणं नाही. क्षमावणीचा दिवस खरं तर उद्याचा. उद्या सगळी बस्ती एकमेकांच्या दारात जाऊन हात जोडणार. अक्काताईंनी आपल्यापुरती ती एक दिवस अलीकडं ओढली होती.

घरात तिला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. ही गोष्ट बापूसो सकाळपासून स्वतःलाच बजावत होते. आपला पोरगा अनेकांत बॉक्सिंग करतो हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. बॉक्सिंग म्हणजे काय, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं. गुळाच्या घरात जन्मलेली बाई. सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, मांडतात, वजन घेतात, रंग बघतात, थाप मारून आवाज ऐकतात आणि एक नंबर, दोन नंबर ठरवतात, हे तिनं परकरात असल्यापासून पाहिलेलं. तिला येऊन कुणी सांगितलं, ‘अनेकांत सत्तावन्न किलोत पहिला आला,’ तर तिनं काय समजावं? पोराचं वजन घेतलं, अंगाची कांती बघितली, पाठीवर थाप मारली आणि नंबर दिला. तिच्या मनात तर शंकेला जागाच नव्हती. मग तिनं तूप वाढवलं. पोरगं साठ किलोत पहिलं आलं. तिनं आणखी वाढवलं. चौसष्टात पहिलं आलं तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले आणि शेजारणीला सांगितलं, “रंग धरलाय पोरानं. असा माल मागं राहत नसतोय.”

डोळ्याखाली काळंनिळं दिसलं की अनेकांत ‘पडलो’ म्हणायचा. तेही खोटं नव्हतं. एकदोनदा तो पडला होताच.

पर्वाच्या चौथ्या दिवशी ती शेजारणीकडं उंबऱ्यात उभी असताना लोकल केबलवर चौसष्ट किलोच्या त्या फायनलचं रेकॉर्डिंग लागलं. तिचा भाचा, आई गेल्यापासून तिनं मांडीवर वाढवलेला, मुंगीला वाट द्यायला शिकवलेला, एका भल्या पोराच्या तोंडावर गुद्दे घालत होता. आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती तशीच बस्तीत गेली. परत आली ती नियम घेऊनच.

*

बापूसोंच्या लेकीला, दीपाला, लग्न होऊन सांगलीला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण माहेरची भांडणं मिटवायला अजून तिलाच बोलावणं यायचं. ह्या वेळी तिनं पहिलं काम केलं ते नियमाला बांध घालायचं.

“आत्या, ह्यानं मारलेले सगळे बोलवायचे म्हटलं तर मांडव घालावा लागंल. शाळेपासनं मारत आलाय.”

“मग घाला मांडव.”

“तसं नव्हं. दर वजनातला जो वरचा, ह्याच्या आधीचा राज्याचा विजेता, त्याला बोलवू. वरच्यानं क्षमा केली की खालच्यांची आपोआप झाली.”

“कुठल्या शास्त्रात?”

“माझ्या सासरच्या. सासूनं एकदा माफ केलं की नणंदा आडव्या येत न्हाईत.”

अक्काताईंनी विचार केला आणि मान डोलावली. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, “सत्तावन, साठ, चौसष्ट. तीन झाले. एका वजनात गप बसला असता तर एकाच्याच पाया पडून भागलं असतं.”

अनेकांत भिंतीला टेकून उभा होता. बावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, आणि घरात शिरताना नेहमी थोडा वाकून. उंचीमुळं नव्हे, आत्यासमोर म्हणून.

निरोप आधीच गेले होते. आज सकाळी पहिला आला गुंडू. शाहूवाडीच्या डोंगरातला, भातशेतीवाला, एके काळचा सत्तावन्नचा राजा. कानाच्या पाळीत गुलाल, डोळे तांबडे. रात्रभर मंडळापुढं नाचला होता. अनेकांतला बघून त्यानं मिठी मारली, आणि मिठीतून काहीतरी बोलला ते फक्त ओठांवर दिसलं.

“काय म्हणतोय?” आतून अक्काताई.

“आत्या, ह्याचा घसा बसलाय,” दीपा म्हणाली. “पण मान हलवतोय. माफ केलं म्हणतोय.”

“मान हलवलेली चालायची न्हाय. मान बैल पण हलवतोय.”

गुंडूला गरम पाणी दिलं. लवंग दिली. त्यानं छातीवर हात ठेवून सगळा जोर लावला आणि दार करकरावं तसा आवाज काढला, “केलं की आत्या माफ. कवाच केलं.”

“मनापासनं?”

“पोटापासनं,” गुंडू म्हणाला आणि स्वयंपाकघराकडं बघून हळूच दीपाला विचारलं, “रस्सा हाय न्हवं?”

“कटाची आमटी आणि पुरणपोळी हाय. कांदा-लसूण न्हाय.”

गुंडूच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला. पण पोळीवर तूप पडलं तसं ऊन आलं. तिसऱ्या पोळीला तो म्हणाला, “असलं खाऊन माणूस वजनात वर जाईल न्हाई तर काय.”

दुसरा आला आकाराम, वारणानगरच्या कामगार कॉलनीतला, साठ किलोचा. त्याचं नाक डावीकडं निघालं होतं आणि वाटेत विचार बदलून उजवीकडं वळलं होतं. ते नाक बघून अक्काताई पदराआड गेल्या.

“हे आमच्या अनेकांतनं केलं?”

“व्हय. पण आत्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आधी मी घोरायचो. सगळी कॉलनी जागी असायची. हे नाक मोडलं आणि घोरणं थांबलं. लग्न त्याच्यामुळंच टिकलंय. बायकोनं निरोप दिलाय, त्या जैनाच्या पोराला माझा नमस्कार सांगा.”

“म्हणजे माफ केलं?”

“माफ काय, उपकार हायेत.”

“उपकार नको. माफ म्हण.”

“माफ,” आकाराम म्हणाला आणि पानावर बसला.

दोन झाले. दीपानं कढण पुन्हा चुलीवर चढवलं. ओट्याशी उभं राहून तिनं बघितलं, आत्या भिंतीला पाठ लावून बसली होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पर्वात म्हणायचं काहीतरी असेल म्हणून दीपानं कान दिला. ती तर जात्यावरची जुनी ओवी होती, आई गेली त्या वर्षापासून आत्या म्हणायची ती.

आईवेगळं लेकरू, आत्या त्याची आई,
त्याला घास दिल्याबिगर घास गोड न्हाई.

दीपानं चुलीतला जाळ उगीचच मोठा केला.

*

तिसरा येईपर्यंत चार वाजले. नेसरीहून येणारी एसटी मिरवणुकीच्या मागं अडकली होती. चौसष्टचा प्रसेनजीत एकटा येणार होता, पण त्याच्या आईनं, शेवंताबाईंनी, आपल्या अंगणवाडीतून सुट्टी टाकून स्वतः यायचं ठरवलं. लेकाला दोन दिवस समजावून त्यांचं तोंड दुखलं होतं आणि तरी त्याचं ‘न्हाय’ ते ‘न्हाय’च होतं.

प्रसेनजीतनं जिना चढताना ठरवलं होतं, तोडून बोलायचं नाही. हायस्कूलमध्ये खेळाचा मास्तर होता तो. पोरांना रोज सांगायचा, हरलास तर हात मिळव. पण दारात पाऊल टाकलं तर समोर पुन्हा पानावर बसलेले गुंडू आणि आकाराम, दोघांच्या ताटात पोळ्या, दोघांच्या तोंडावर पाहुण्याचं सुख. म्हणजे पराभूतांची पंगत. आणि त्याच्यासाठी एक पाट रिकामा.

“जय भीम,” शेवंताबाई म्हणाल्या.

“जय जिनेंद्र,” अक्काताई उठायला लागल्या.

“उठू नका बाई. दहा दिवसांच्या तुम्ही. मी एक दिवस न जेवता राहिले तर पोरं पाढे म्हणत्यात आणि मला ताऱ्यांची गाणी ऐकू येत्यात.” त्या अक्काताईंच्या शेजारी सरळ भुईवर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. “थंडगार पडलाय. प्रसेनजीत, बोल बाबा लवकर काय ते.”

अनेकांत पुढं आला. आत्यानं शिकवल्याप्रमाणं दोन्ही हात जोडले. “कळत नकळत मी तुला दुखवलं असंल...”

“नकळत?” प्रसेनजीत म्हणाला. “नकळत व्हय रे? तीन राउंड?”

गुंडूनं आमटीचा भुरका मध्येच थांबवला.

“मी माफ करणार न्हाय,” प्रसेनजीत म्हणाला. तोडून बोलायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून हळू बोलला, आणि त्यामुळं ते जास्तच तुटलं. “आत्या, तुमच्या उपवासाबद्दल मला आदर हाय. पण माफी चुकीला असती. ह्यानं काय चूक केली? नियमात मारलं. माझा डावा हात खाली आलता म्हणून मी हरलो. आता मी माफ केलं म्हणजे हा झाला पापी आणि मी झालो बिचारा. मी बिचारा न्हाय.”

रस्त्यावरून उशिराचा एक गणपती ढोल वाजवत गेला.

“शहाणा हाय तुमचा मुलगा,” अक्काताई शेवंताबाईंना म्हणाल्या.

“तीच तर अडचण हाय,” शेवंताबाई म्हणाल्या. “लहानपणी अंगणवाडीतच बसवायला पायजे होता अजून दोन वर्षं.”

अनेकांतला पुढचं बोलायचं नव्हतं, पण आत्याच्या कपाळावरचा घाम त्याला दिसत होता. “आत्या, मी सोडतो हे. आजपासनं ग्लोव्हज घालत न्हाय. तू कढण घे.”

“सोडतो?” प्रसेनजीतचा आवाज आता नीट चढला. “सोडतो म्हणजे? मग मी हरवू कुणाला?”

इथं बापूसोंनी तोंड घातलं. दिवसभर जिन्यात बसून त्यांची पाठ धरली होती, आणि समजूत घालायची तर पाहुण्याला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं, असा त्यांचा व्यापारी स्वभाव. “पावणं, कशाला एवढं मनावर घेता. तुमच्या वाटेत तो आता येणारच न्हाय. मी रोज सकाळी खाली काट्यावर उभा करतोय त्याला. पासष्टाच्या वर गेलाय. त्याचे वस्ताद म्हणत्यात, आता एकोणसत्तरात टाकू. तुम्हाला चौसष्ट मोकळं.”

हे वाक्य बोलून झाल्यावर आपण दिलासा दिला असं त्यांना क्षणभर वाटलं.

“बघा,” प्रसेनजीत सगळ्यांकडं वळून म्हणाला. “बघा आता. म्हणूनच मी माफ करत न्हाय. मारलं त्याचं मला काय न्हाय. पण मारून वर निघून जातोय. सत्तावनात ह्या गुंडूला हरवलं, परत गाठ पडायच्या आत साठात. साठात ह्या आकारामला हरवलं, परत गाठ पडायच्या आत चौसष्टात. आणि आता मला टाकून चालला. आम्ही काय पायऱ्या हाय?”

गुंडूनं हातातली पोळी ताटात ठेवली. घशातून एक करकर आली. “ह्ये खरं हाय.”

“तू गप जेव,” दीपा म्हणाली.

“न्हाय ताई. मी एक वर्ष सराव केलता. परत लढायचं म्हणून. पहाटं उठून डोंगर चढायचो. आणि मुंबईला गेलो तर ह्यो दुसऱ्या वजनात बसलेला, तिथनं मला हात करतोय. मी माझी माफी मागं घेतो.”

“जेवलेली माफी मागं घेता येत न्हाय,” दीपा म्हणाली.

आकाराम नाक चोळत विचार करत होता. “घोरण्याबद्दल माफ केलेलं तसंच हाय,” तो शेवटी म्हणाला. “पण ह्या मुद्द्यावर मी पण प्रसेनजीतच्या बाजूनं.”

अशा रीतीनं सकाळपासून जमवलेली क्षमा चार वाजून गेल्यावर एका झटक्यात संपली, आणि तिघं पराभूत एका पाटावर सरकून बसले.

*

अक्काताईंना भूक लागत नव्हती. पाचव्या दिवशीच ती कंटाळून निघून गेली होती. त्यांना फक्त खिडकीतलं ऊन दिसत होतं. समोरच्या गुदामाच्या पत्र्यावर ते आता तिरकं झालं होतं. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबही नाही. म्हणजे ते ऊन पत्र्यावरून उतरलं की आणखी एक रात्र, आणि उद्या पुन्हा हीच चर्चा, आणि बापू पुन्हा जिन्यात.

त्यांनी त्या रुसलेल्या पोराकडं बघितलं. केबलवर ह्याच पोराच्या तोंडावर गुद्दे पडले होते. त्या वेळी तो त्यांना भला वाटला होता. आता भलाही वाटत होता आणि हट्टीही, म्हणजे घरातलाच.

“प्रसेनजीत, इकडं ये. बस.” तो बसला. “मला एक सांग. हा वर गेला तो पळून गेला असं तुला वाटतं?”

“मग काय?”

“अनेकांत, तू भ्यालास?”

“न्हाय आत्या.”

“मग वर का गेलास?”

अनेकांतनं दीपाकडं बघितलं, बापाकडं बघितलं, शेवटी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं. सगळं कोल्हापूर त्याला विचारून दमलं होतं की दर वर्षी वजन का बदलतोस. वस्ताद रागावले होते, डॉक्टरांनी तक्ता दिला होता. खरं उत्तर त्यानं कधीच कुणाला दिलं नव्हतं. रोज सकाळी सरावाहून आला की ताटात भाकरी असायची आणि भाकरीवर तुपाचा गोळा, आणि तो नको म्हणायच्या आत आत्याचा हात पुढं होऊन दुसरा पडायचा. राज्यातली तीन वजनं त्यानं हरवली होती. पण ह्या हाताला नको म्हणायची ताकद त्याच्यात कुठल्याच वजनात आली नव्हती.

“बोल की.”

“तूप,” अनेकांत म्हणाला.

“काय?”

“तू वाढतेस. मी खातो. मग बसत न्हाय त्या वजनात.”

शेवंताबाई पहिल्यांदा हसल्या. तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. मग आकाराम हसला, मग गुंडूच्या घशात काहीतरी घसरलं. बापूसो हसावं की नाही ते बहिणीच्या तोंडावरून ठरवायला थांबले होते.

अक्काताई हसल्या नाहीत. त्या मनाशी मांडत होत्या. गुंडूचा डोंगर, पहाटं चढलेला आणि वाया गेलेला. आकारामचा सराव. हे समोरचं पोरगं, नेसरीहून एवढ्या लांब ‘न्हाय’ म्हणायला आलेलं. ह्या सगळ्यांच्या वाटेत एक तुपाचा चमचा आडवा पडला होता. आणि तो चमचा अनेकांतच्या हातात नव्हता.

“म्हणजे जिनं ह्यांना दुखवलं ती मी,” त्या म्हणाल्या.

“अहो तसं न्हाय...” प्रसेनजीत गडबडला.

“तसंच हाय. बोल. तुला काय पायजे?”

त्याला एवढ्या लवकर विचारतील असं वाटलं नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं. शेवंताबाईंनी हातानंच ‘सांग की मेल्या’ अशी खूण केली.

“संक्रांतीनंतर राज्याची स्पर्धा हाय,” तो म्हणाला. “तवर ह्याला चौसष्टात ठेवा. एवढंच. मला एकदा परत लढू द्या. मग कुठं जायचं तिथं जाऊ दे.”

“म्हणजे मी पोराला उपाशी ठेवू?”

“उपाशी न्हाय आत्या. तूप तेवढं बंद. दोन किलोचा प्रश्न हाय.”

दहा दिवस स्वतः न खाणं ही अक्काताईंना मोठी गोष्ट वाटली नव्हती. पण भाकरी वाढायची आणि हात तिथंच थांबवायचा? पोरानं मान खाली घालून कोरडी भाकरी मोडायची आणि आपण डब्याचं झाकण लावून बघत बसायचं? त्यांनी अनेकांतकडं बघितलं. मग कढणाकडं. मग पत्र्यावरच्या उन्हाकडं, ते आता कडेला लागलं होतं.

“बाई,” शेवंताबाई हळू म्हणाल्या, “मी पण लेकाला वाढताना असाच हात सैल सोडत होते. मग ह्यानंच माझ्या हातातनं वाडगा काढून घेतला. चार दिवस रडले. पाचव्या दिवशी बघितलं तर पोरगं जितंच होतं.”

“तुमचं पोरगं बोलतंय तरी. माझं बोलत न्हाय.”

“बोलला की आत्ता.”

अक्काताईंनी हात जोडले. ओठांवर काहीतरी पुटपुटल्या, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “संक्रांतीनंतरची ती काय स्पर्धा हाय, ती होईपर्यंत अनेकांतच्या ताटात माझ्या हातनं तूप पडणार न्हाय. नियम.”

बापूसोंना बहिणीच्या आजवरच्या नियमांतला हा सगळ्यात अवघड वाटला. अनेकांतला वाटलं आपण आत्ता रडू, आणि तीन विजेत्यांसमोर ते बरं दिसणार नाही, म्हणून तो उगीच पाण्याचा तांब्या आणायला आत गेला.

“आता?” अक्काताईंनी विचारलं.

प्रसेनजीत गुडघ्यावर आला. “आता केलं माफ. ह्याला पण आणि तुम्हाला पण.”

“गुंडू?”

“केलं,” गुंडूनं करकर काढली आणि पोळी परत उचलली. “पण मी पण बघायला येणार.”

“मी पण,” आकाराम म्हणाला. “नाकाच्या बाजूनं बसंन.”

दीपा कढणाची वाटी घेऊन आली. पहिला घोट कुणी द्यायचा हा प्रश्न एरवी आठ दिवस चालला असता. अक्काताईंनी वाटी घेतली आणि शेवंताबाईंच्या हातात दिली. शेवंताबाईंनी अंगणवाडीतल्या पोराला पाजतात तशी मान मागं धरून, तोंडाला लावली. “हळू. ठसका लागंल. हं. अजून एक.”

ऊन पत्र्यावरून उतरायच्या आत वाटी अर्धी झाली. अक्काताईंच्या गालांवर रंग आला. त्यांनी पदरानं ओठ पुसले आणि प्रसेनजीतकडं जरा वेळ नीट बघितलं, जसा सौद्यात रवा बघावा.

“एक सांगू का तुला? राग मानू नको.”

“सांगा की.”

“तूप न खाता सुद्धा तो तुला हरवणार.”

शेवंताबाईंचा हात वाटीसकट थांबला. बापूसोंनी डोळे मिटले. दीपा “आत्या” एवढंच म्हणाली. आणि प्रसेनजीत, आल्यापासून कपाळाला आठी घालून बसलेला प्रसेनजीत, पहिल्यांदा दात दाखवून हसला. “ह्ये पायजे होतं मला. आल्यापासनं सगळी हात जोडायला लागलीत. बघूच की आत्या.”

“बघू की. मी समोरच बसणार हाय.”

“तू येणार?” अनेकांत तांब्या घेऊन दारात उभा राहिला.

“मग? तुला कोन माफ करतंय आणि न्हाय ते मला तिथंच बघायला लागणार न्हवं?” त्यांनी वाटीतला उरलेला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि बापूसोंकडं वळल्या. “बापू, ते एकोणसत्तरात वरचा कोन हाय?”

“नाशिकचा कोणतरी हाय. पण अक्का, त्याच्याशी अजून गाठ पडायची हाय. अजून मारलेला न्हाय त्याला.”

“व्हय की,” अक्काताई म्हणाल्या. “म्हणूनच म्हणते, उद्या क्षमावणी हाय, त्याला निरोप धाडा. आधीच मागून ठेवलेली बरी.”